पेकादो : पाप सांगा, पापीही सांगा

पेकादो हा स्पॅनिश शब्द आहे. अर्थ पाप. पाप करणारा तो पेकादोर. पाप करणं म्हंजे पेकार. शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये त्याचा साधा अर्थ चुकणं, ठेच खाणं असा होता. चालता माणूस चुकतो, एवढंच. देव आणि नरक त्यात नंतर घुसले, चर्चच्या हातानं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आपल्या अंकात हा परका शब्द कशापायी? आपल्या कपाळी मारलेली पापं काय कमी आहेत? मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा लवकर सुटली. पुढचं शिक्षण झालं ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तिथं लॅटिन अमेरिकेचा इतिहास वाचताना हा शब्द माझ्या मागंच लागला. या एका शब्दानं लाखो माणसांना मान खाली घालायला लावली. आणि त्याच शब्दानं काही जणांनी मालकाची गचांडी धरली. हे कसं झालं ते आपल्या पोरांनी समजून घ्यावं म्हणून लिहितोय.

आधी शब्दाचं घराणं बघू. स्पॅनिशमध्ये वाईट कृत्याला शब्द अनेक आहेत. देलितो म्हंजे कायद्यातला गुन्हा. त्याला कोर्ट लागतं, साक्षीदार लागतात, शिक्षा असते. कुल्पा म्हंजे दोष, ठपका. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायला स्पॅनिश माणूस 'कुल्पा फेकली' असंच म्हणतो. आणि पेकादो म्हंजे देवाविरुद्ध केलेलं कृत्य. तिथं न्यायाधीश नाही, पाद्री आहे. पाद्रीपुढं कबुली द्यायची, त्यानं सांगितलेलं प्रायश्चित्त घ्यायचं आणि माफी घेऊन घरी जायचं. चर्चनं पापाच्या प्रती पाडल्या. जन्मासोबत येतं ते मूळ पाप. आत्म्याला मारतं ते मरणप्राय पाप. उरलं ते किरकोळ. बोलीत मात्र हा शब्द पार मवाळ झाला. कोलंबियात कुणाची कीव आली की बाया 'के पेकादो' म्हणतात, म्हंजे 'अरेरे, बिचारा'. जुन्या स्पॅनिशमध्ये तर खुद्द सैतानालाच पेकादो म्हणत.

या शब्दाची एक म्हण आहे. 'से दिसे एल पेकादो, पेरो नो एल पेकादोर.' पाप सांगावं, पापी सांगू नये. ऐकायला किती सभ्य म्हण! चारचौघांत कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून केलेली. पण मला वाटतं, स्पॅनिश राजवटीचा निम्मा इतिहास या म्हणीत मावतो. गरिबानं केलेलं पाप नावगावासकट लिहून घेतलं जायचं. मोठ्यानं केलं की पापाची चर्चा व्हायची आणि पापी गायब.

१२१५ साली रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेनं नियम केला की प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसानं वर्षातून एकदा तरी कबुली दिलीच पाहिजे. त्यातून एक नवीनच अधिकार तयार झाला, प्रश्न विचारण्याचा अधिकार. गुडघ्यावर बसलेल्यानं उत्तर द्यायचं आणि बसलेल्यानं विचारायचं. ही रीत घेऊन स्पेनची गलबतं १४९२ नंतर समुद्रापार गेली.

तिथं कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर ताइनो नावाचे लोक राहत होते. स्पॅनिशांनी त्यांना आपसात वाटून घेतलं. या पद्धतीला एन्कोमिएन्दा म्हणत. शब्दाचा अर्थ सोपवणं. गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाकडं 'सोपवली' जात. त्यानं त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा, बदल्यात त्यांनी त्याच्यासाठी राबायचं, सोनं काढायचं. धर्म किती शिकवला ते देवाला ठाऊक. माणसं मात्र खाणीत, उपासमारीनं आणि युरोपातून आलेल्या रोगांनी भराभर मेली.

१५१० मध्ये बेटावर डोमिनिकन पंथाचे काही साधू आले. त्यांनी डोळ्यांनी सगळं पाहिलं. १५११ च्या डिसेंबरात एका रविवारी सान्तो दोमिंगोच्या चर्चमध्ये आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस नावाचा साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर कोण? खुद्द गव्हर्नर दिएगो कोलोन, म्हंजे कोलंबसाचा पोरगा, सरकारी अधिकारी आणि गावंच्या गावं वाटून घेतलेले मालक. मोन्तेसिनोसनं त्यांच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही सगळे मरणप्राय पापात आहात, आणि कारण आहे तुम्ही या लोकांवर चालवलेला जुलूम. कुठल्या हक्कानं यांना राबवता? ही माणसं नाहीत का?

त्या प्रवचनावर एकट्या मोन्तेसिनोसचं नाव नव्हतं. मठातल्या सगळ्या साधूंनी मिळून ते लिहिलं होतं आणि सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. उद्या एकाला धरून नेऊ नये म्हणून. ही युक्ती संघटना करणाऱ्याला वेगळी शिकवायला नको.

इथं त्या म्हणीचा पहिल्यांदा पराभव झाला. पाप सांगितलं आणि पापीही सांगितला, समोर बसलेला असताना सांगितला. जेवणं झाल्यावर साहेब लोक मठाच्या दारात. शब्द मागं घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले, साधू माफी मागणार म्हणून. मोन्तेसिनोसनं तेच पुन्हा सांगितलं आणि वर जोडलं की इथून पुढं तुमची कबुली आम्ही घेणार नाही. तक्रार थेट राजापर्यंत गेली. १५१२ च्या डिसेंबरात बुर्गोसचे कायदे आले. त्यात राबवण्याचे नियम ठरवले, पण राबवणं चालूच ठेवलं.

लगेच १५१३ मध्ये राजाच्या कायदेपंडितानं एक कागद तयार केला. त्याला रेकेरिमिएन्तो म्हणत, म्हंजे फर्मान. नव्या गावावर चाल करून जाण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा, तोही स्पॅनिशमध्ये. मतलब असा: पोप आणि राजा यांची सत्ता मान्य करा. नाही केली तर आम्ही युद्ध करू, तुमच्या बायकापोरांना गुलाम करू, आणि जे मरतील त्याची कुल्पा तुमचीच. मग नोटरीनं शिक्का मारायचा की वाचलं बुवा. ज्याला ती भाषा एक अक्षर कळत नाही त्याच्यावर दोष फेकायचा आणि त्याची पावतीही घ्यायची! कुल्पा फेकण्याचा असा सरकारी दस्तऐवज जगात क्वचित सापडेल.

मोन्तेसिनोसच्या मागून बार्तोलोमे दे लास कासास आला. तो स्वतः मालक होता, क्यूबात त्याच्याकडं सोपवलेली माणसं होती. १५१४ मध्ये त्यानं ती सोडून दिली आणि पुढचं आयुष्य या लढ्यात घातलं. त्याचं मोठेपण सांगताना एक गोष्ट झाकायची नाही. इथल्या लोकांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकन गुलाम आणा, असं त्यानं सुरुवातीला सुचवलं होतं. पुढं त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो त्यानं स्वतःच्या इतिहासग्रंथात लिहिलाही. पण एका पिचलेल्या माणसाची सुटका दुसऱ्या पिचलेल्याच्या पाठीवरून करता येत नाही, हे आपण ध्यानात ठेवू.

लास कासासचं खरं हत्यार वेगळंच होतं. १५४५ मध्ये तो मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापासचा बिशप म्हणून पोचला. त्यानं कबुली घेणाऱ्या पाद्र्यांसाठी बारा नियम लिहिले. ते १५५२ मध्ये सेव्हिलमध्ये छापले गेले. नियमांचं सार असं: मालक मरायला टेकला आणि पापाची माफी मागू लागला तर आधी नोटरी बोलवा. गुलाम मोकळे केले असं लिहून घ्या. लुबाडलेली मालमत्ता ज्यांची त्यांना परत, ते मेले असतील तर त्यांच्या वारसांना किंवा गावाला. त्यानंतरच माफी. याला स्पॅनिशमध्ये रेस्तितुसिओन म्हणतात, म्हंजे परतफेड. म्हातारे सैनिक नरकाला भ्यायचे. हातातली तलवार ज्याला भीत नव्हती तो नियमाला भ्याला. पेरूमधल्या काही जुन्या मालकांनी खरोखर मृत्युपत्रात परतफेड लिहून ठेवली. बाकीच्यांनी बोंब ठोकली आणि १५४८ मध्ये राजानं या नियमांच्या हस्तलिखित प्रती गोळा करायला लावल्या. बिशपनं पाप शिकवलं तर राजाची हरकत नव्हती. हिशोब मागितला तेव्हा हरकत आली.

आता दुसरी बाजू. जिंकलेल्या लोकांना पाप शिकवायचं तर त्यांच्या भाषेत शब्द पाहिजे. मेक्सिकोत नाहुआत्ल भाषा होती. तिथं पेकादोला जुळणारा शब्द साधूंना सापडेना. त्यांनी त्लात्लाकोल्ली हा शब्द उचलला. त्याचा मूळ अर्थ बिघाड, नासधूस. विणकराच्या हातून सूत गुंतलं तर त्लात्लाकोल्ली. गारांनी मका झोडपला तर त्लात्लाकोल्ली. उंदरानं कपडा कुरतडला तरी तेच. मला हे वाचून नवल वाटलं. आमच्याकडं तार तुटली तर सांधायची, गुंता झाला तर सोडवायचा. त्यात आत्म्याचा काय संबंध? घडी विस्कटली तर पुन्हा बसवावी, असा तो शब्द होता. साधूंनी त्यात नरक ओतला. १५६५ मध्ये आलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन साधूनं नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशी दुभाषी प्रश्नावली मेक्सिकोत छापली. कबुली देणाऱ्याला काय काय विचारायचं त्याची ती यादी.

पेरूमध्ये क्वेचुआ भाषेत तेच झालं. तिथं हुचा हा शब्द होता. व्यवहार, देणं, राहिलेलं कर्तव्य अशा अर्थाचा. तोही पाप म्हणून कामाला लावला. १५८२-८३ च्या लिमा परिषदेनंतर स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत प्रश्नावली तयार झाली, १५८५ मध्ये छापली. पेरूतल्या छापखान्यातून निघालेली ही अगदी सुरुवातीची पुस्तकं. तुझ्या बापजाद्यांच्या पवित्र जागांना, म्हंजे हुआकांना, तू पुजलंस का? असे प्रश्न. तिथले लोक दोऱ्यांना गाठी मारून हिशोब ठेवायचे, त्याला किपू म्हणत. कोठारात किती मका, कुणाकडून किती येणं, सगळं गाठीत. खोसे दे आकोस्ता या जेझुइटानं १५९० च्या पुस्तकात लिहिलंय की लोक कबुलीला येताना आपली पापं गाठी मारून आणत. बघा, ज्या दोऱ्यावर आपलं येणं मोजत होते त्याच दोऱ्यावर आता आपलेच दोष मोजायला लागले.

ही गोष्ट मला लांबची वाटत नाही. मी पूर्वी एका गिरणीत बदली होतो. तिथं एका पोराची दोन बोटं यंत्रात गेली. यंत्रावरची जाळी कित्येक दिवस जाग्यावर नव्हती, सगळ्या पाळीला ठाऊक होतं. कागदावर आलं, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. आणि दवाखान्यात त्याची आई काय म्हणाली? मागल्या जन्माचं काहीतरी पाप असेल. साहेबाचा कागद आणि आईचा हुंदका, दोघांनी बोट दाखवलं ते त्या पोराकडंच. जाळी कुणी बसवायची होती हे कुणी विचारलं नाही. दोष आपल्या तोंडून वदवून घेणं हा मालकाचा सगळ्यात स्वस्त उपाय. चोखोबासारख्या थोर माणसालाही आपला हीन जन्म पूर्वीच्या दोषाचं फळ म्हणून सोसावा लागला, तेव्हा त्या आईला मी काय बोलू?

पण सगळ्यांनीच दोष पदरात घेतला नाही. पेरूमध्ये ग्वामान पोमा दे आयाला नावाचा एक स्थानिक माणूस होता. परक्यांचीच लिपी शिकला आणि ती त्यांच्यावर फिरवली. १६१५ च्या सुमारास त्यानं स्पेनच्या तिसऱ्या फिलिप राजाला एक पत्र लिहून पुरं केलं. पत्र कसलं, हजाराच्या वर पानं आणि जवळजवळ चारशे चित्रं. मालक कसा मारतो, अधिकारी कसा लुटतो, कबुली घेणारा पाद्री समोर गुडघे टेकलेल्या बाईला कशी लाथ घालतो, सगळं काढून दाखवलं. ज्या शब्दानं त्याच्या लोकांना बांधलं होतं तोच शब्द त्यानं उलटा केला. पापी तुम्ही आहात, लुटलेलं परत करा, नाहीतर तुमच्याच धर्माप्रमाणं तुमची जागा नरकात आहे. लास कासासचा परतफेडीचा मुद्दा त्यानं घेतला, पण दयेच्या सुरात नाही, येणेकऱ्याच्या सुरात. राजानं ते वाचल्याची खूण नाही. १९०८ साली ते बाड कोपनहेगनच्या राजवाडा-ग्रंथालयात सापडलं आणि १९३६ मध्ये पॅरिसला छापलं गेलं. तीनशे वर्षं एका माणसाची फिर्याद कपाटात पडून होती. म्हणून म्हणतो, आपलं लिहिलेलं जपा.

या शब्दाची एक फांदी आपल्या दारापर्यंतही आली. पोर्तुगीज भाषेत पापाला पेकादोच म्हणतात. त्या काळात स्पेन-पोर्तुगालमध्ये रक्तशुद्धीचं खूळ होतं. स्पेनमध्ये १४४९ ला तोलेदो शहरानं नियम केला की ज्याचे पूर्वज ज्यू होते त्याला, तो ख्रिस्ती झाला तरी, शहरात अधिकाराची जागा नाही. चर्चची शिकवण अशी की बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पाप धुतलं जातं. मग हा डाग का धुतला गेला नाही? कारण तो रक्तात आहे म्हणाले. पाप जन्मात शिरलं. वंश, जात यासाठी त्यांचा शब्द होता कास्ता. पोर्तुगीजांनी आपल्याकडचा जातिभेद पाहिला आणि तोच शब्द त्याला लावला. इंग्रजीतला कास्ट तिथून आला. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, धर्मन्यायालय चाललं. आणि तिथल्या चर्चमध्येही वरच्या आणि खालच्या जातीचे संघ वेगळे राहिले. धर्म बदलला, डाग जाग्यावर.

विसाव्या शतकात शब्द पुन्हा फिरला. १९६८ ला कोलंबियातल्या मेदेयिन शहरात लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले. त्यांनी म्हटलं, इथला अन्याय ही पापाची परिस्थिती आहे. म्हंजे पाप एका माणसाच्या मनात नाही. ते जमिनीच्या मालकीत आहे, मजुरीच्या दरात आहे. १९७१ मध्ये पेरूचा पाद्री गुस्तावो गुतिएरेस याचं मुक्तीच्या धर्मशास्त्रावरचं पुस्तक आलं. १९७९ ला मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातल्या परिषदेत सामाजिक पाप हा शब्द आला. रोमला हे मानवलं नाही, १९८४ मध्ये तिथून ताकीद निघाली. पण १९८७ मध्ये खुद्द पोपच्या पत्रकात पापाच्या रचना असा शब्द आला.

यात एक धोका आहे, तोही बघा. पाप रचनेचं म्हटलं की पापी पुन्हा निसटायला मोकळा. सगळेच जबाबदार म्हंजे कुणीच नाही. एल साल्वादोर देशाचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो तसं बोलले नाहीत. २३ मार्च १९८० ला त्यांनी थेट सैनिकांना सांगितलं की मारण्याचा हुकूम देवाच्या कायद्याविरुद्ध आहे, तो पाळू नका. दुसऱ्या दिवशी वेदीपाशी त्यांना गोळी घातली. खून कुणी करवला? १९९३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगानं नाव छापलं: हुकूम देणारा माजी मेजर रोबेर्तो दोबुइसोन. अहवाल आल्यावर पाच दिवसांत तिथल्या संसदेनं सगळ्यांना माफीचा कायदा केला. तो कायदा कोर्टानं रद्द करायला २०१६ उजाडलं. रोमेरोंना २०१८ मध्ये संतपद मिळालं. संतपद देणं सोपं, खटला चालवणं अवघड.

२०१५ मध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस बोलिव्हियात बोलले. देवाच्या नावानं मूळनिवासींवर अनेक गंभीर पापं झाली असं म्हणाले आणि माफी मागितली. पण पेकादोवर ते थांबले नाहीत. चर्चनं दुखावल्याबद्दल आणि जिंकण्याच्या काळातल्या गुन्ह्यांबद्दलही ते बोलले. पाप आणि गुन्हा हे दोन शब्द एकाच श्वासात आले हे मला महत्त्वाचं वाटतं. पापाला माफी पुरते. गुन्ह्याला फिर्यादी असतो, आणि फिर्यादीला विचारल्याशिवाय तो मिटत नाही.

हा फरक बाबासाहेबांनी आपल्याकडं फार आधी ओळखला होता. १९३२ मध्ये हरिजन सेवक संघ निघाला. कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, यावर गांधीजींचं म्हणणं असं की अस्पृश्यता हे हिंदूंचं पाप, हे काम त्याचं प्रायश्चित्त, तेव्हा ते हिंदूंनीच करायचं. ज्याच्यावर पाप झालं त्याला प्रायश्चित्ताच्या सभेत खुर्ची नाही! बाबासाहेब त्या संघात राहिले नाहीत. संविधानाच्या सतराव्या कलमात अस्पृश्यता पाळणं हा कायद्यानं शिक्षापात्र अपराध झाला. स्पॅनिशमध्ये सांगायचं तर पेकादो संपला, देलितो सुरू झाला. १९५५ चा कायदा आला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. ज्याला देवळात माफी मागून सुटायचं होतं त्याला पोलीस ठाण्यात नाव द्यायला लागलं.

म्हणून दोस्तहो, गावात काही घडलं आणि तुम्ही अहवाल लिहायला बसलात की ती स्पॅनिश म्हण आठवा आणि तिच्या उलट करा. 'दोन गटांत वाद झाला', 'अनुचित प्रकार घडला' असली वाक्यं लिहू नका. त्यात पाप आहे, पापी नाही. कुणी केलं, कुणावर केलं, कुणी बघत उभं राहिलं, ठाण्यात कुणी कागद घ्यायला नकार दिला, ते तारीखवार लिहा. खाली एकट्याची सही नको, सगळ्यांची असू द्या. आणि कुणी हात जोडत माफी मागायला आलाच, तर त्याला आधी हिशोबाला बसवा. जमीन, मजुरी, पाणी, इज्जत, काय काय घेतलंय आणि त्यातलं काय परत करणार, ते लिहून घ्या. माफीचं नंतर बघू.